गोंधळ: घातलेला आणि उडालेला

माहूर गडाच्या पायथ्याशी एका नातेवाइकांकडे लग्नानंतरचा गोंधळ होता. रेणुकामाता त्यांचं कुलदैवत, त्यामुळे नवरानवरी देवीच्या पायावर घालून आणली की दुसऱ्या रात्री अंगणात चौक मांडायचा हा त्यांचा कुळधर्म. पाटावर कोरं कापड, त्यावर गव्हाचा चौक, कलश, सुपाऱ्या, हळकुंडं, खारका. बाजूला दिवटी पेटवलेली आणि तेलाचा बुधला तयार. पायघोळ झगे आणि कवड्यांच्या माळा घातलेले पाच गोंधळी उभे राहिले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. पुण्याहून आलेला माझा भाचा शेजारी बसला होता. त्याने गोंधळ कधी पाहिलेला नव्हता.

बारा वाजायच्या सुमारास आख्यान थांबलं. नायकाने तुणतुणं खाली ठेवलं आणि समोरच्या एका वडीलधाऱ्या माणसाला म्हणाला, "माझ्या कानात एक शब्द सांगा. मनाला येईल तो सांगा." त्यांनी सांगितला. संबळवाला दूर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. नायकाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग पंजाची एक मुद्रा केली, बोटं मोजून दाखवली, चुटकी वाजवली. पुन्हा दुसरी मुद्रा, पुन्हा बोटं. तोंडातून अवाक्षर नाही. आणि संबळवाल्याने ठेका यत्किंचितही न मोडता तो शब्द मोठ्याने म्हटला: "माहूर!"

भाचा उठून उभाच राहिला. "मामा, हाताने बोलायलेत हे! अम्फ्रीज मगी असंच करतात."

हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गडावरून दर्शन घेऊन, कुटलेल्या विड्याचा प्रसाद तोंडात धरून आम्ही पायऱ्या उतरलो आणि चहाच्या टपरीवर त्याने मोबाइलवर मला तो बँड दाखवला. सहा जण. दोन गिटारवाले, एक बासवाला, एक कीबोर्डवाला, एक ड्रमवाला आणि एक निरनिराळी तालवाद्यं वाजवणारा. 1997 साली अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड या गावी, नॉटर डेम विद्यापीठात हा बँड जमला. ते गाणं सुरू करतात, मध्येच ते सोडून देतात आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं आधी न ठरवलेलं वाजवत राहतात. ते वाजवताना एकमेकांना हाताच्या खुणा करतात: स्वर बदल, ताल मोड, थांब, पुन्हा मुखड्यावर ये. प्रेक्षकांना ऐकू न येणारा एक वेगळा माइकही त्यांच्यात असतो, त्यावरून आपसात सूचना देतात. काही खास कार्यक्रमांत तर श्रोत्यांनी मोबाइलवरून एखादा विषय किंवा शब्दसमूह पाठवायचा आणि त्यांनी त्यावर तिथल्या तिथे वाजवायचं.

या प्रकाराला इंग्रजीत 'जॅम बँड' म्हणतात आणि या बँडच्या बाबतीत 'प्रोग्रेसिव्ह रॉक'कडे झुकलेला असं विशेषणही जोडतात. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून रचलेलं लांबलचक, अनेक खंडांचं संगीत. किंग क्रिम्सनचा 1969 सालचा पहिला अल्बम या परंपरेच्या आरंभाचा मानतात. 1972 साली जेथ्रो टलने एक अख्खा अल्बम एकाच गाण्याचा केला. म्हणजे एकीकडे काटेकोर रचना, दुसरीकडे मोकळं सुटणं. दोन्ही एकाच मांडवाखाली आणायचं असेल तर वाजवताना बोलता आलं पाहिजे, आणि तोंड तर रिकामं नसतं. म्हणून हात.

मला ते संगीत आवडलं. पण मी शब्दांच्या मागे जाणारा माणूस. टपरीवरून उठलो तो तीन शब्द घेऊन: जॅम, बँड आणि गोंधळ.

'जॅम'पासून सुरुवात करतो. आमच्या नांदेडकडे 'जाम' म्हटलं की पहिल्यांदा पेरू आठवतो. तेलुगूत पेरूला जाम म्हणतात आणि सीमेवरच्या आमच्या बोलीने तो शब्द सहज घेतला. शायरीतला 'जाम' म्हणजे प्याला, तो फारसीतून आला. तिसरा 'जाम' इंग्रजीतून आला: दार जाम झालं, नट जाम बसला, रस्ता जाम आहे. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतो. अर्थ दाबून बसवणे, चेपणे, अडकवणे. कोशकारांच्या मते तो बहुधा आवाजावरूनच बनला असावा. फळं चेपून शिजवलेला पदार्थ तो जॅम, असा पावाला लावायच्या जॅमशीही त्याचा संबंध जोडतात. संगीतात तो 1920 च्या दशकाच्या अखेरीला शिरला. अमेरिकेतले जॅझवादक ठरलेला कार्यक्रम संपल्यावर रात्री उशिरा एकत्र जमायचे आणि आपल्या आनंदासाठी, कागद समोर न ठेवता वाजवायचे. त्या बैठकीला त्यांनी हे नाव दिलं. अडकणे, तुंबणे, चेंगरणे या अर्थाचा शब्द कलावंतांनी उचलला आणि सर्वांत मोकळ्या वादनाला लावला. पुढे 1965 मध्ये कॅलिफोर्नियात ग्रेटफुल डेड हा बँड निघाला. त्यांनी रॉक संगीतात असं रात्र-रात्र वाजवणं रूढ केलं आणि 'जॅम बँड' ही जातच पुढे त्यांच्या वाटेवर तयार झाली. त्यांचा ड्रमवादक मिकी हार्ट आणि आपले झाकीर हुसेन यांनी 1976 साली एकत्र काढलेल्या अल्बमचं नाव 'दिगा' होतं. तालाच्या बोलांच्या वळणाचं ते नाव अमेरिकेच्या दुकानांतून विकलं गेलं.

आता आपला शब्द. 'गोंधळ' ऐकल्यावर आज शंभरातल्या किती जणांना देवी आठवते? विधानसभेत गोंधळ, परीक्षेच्या वेळापत्रकाचा गोंधळ, मनाचा गोंधळ. वर्तमानपत्र उघडलं की रोज दोन-चार गोंधळ भेटतात आणि त्यांतल्या एकातही संबळ नसतो. इंग्रजीत चेंगरण्याचा शब्द संगीताचा झाला. मराठीत संगीताचा शब्द चेंगराचेंगरीचा झाला. त्या रात्री अंगणात जे ऐकलं त्यानंतर हे मला फार लागलं.

कोणत्या गोंधळाबद्दल बोलणं चाललंय हे मराठीत क्रियापद सांगतं. गोंधळ 'उडतो', 'माजतो', 'होतो' तेव्हा तो अव्यवस्थेचा. 'गोंधळ मांडला', 'गोंधळाला उभे राहिले', 'गोंधळ राहिलाय, देवीचा' असं म्हटलं तर तो रेणुकेचा, अंबाबाईचा. दोन्हीकडे सहज चालतं ते क्रियापद म्हणजे 'घालणे'. लग्न झाल्यावर गोंधळ घालतात आणि वर्गात शिक्षक नसताना पोरंही गोंधळ घालतात. 'घालणे' हे मराठीतलं कर्तृत्वाचं क्रियापद आहे. सडा घालतात, रांगोळी घालतात, लग्नाच्या पंगती घालतात, ओवाळणीच्या दिव्यात तेल घालतात. घालण्यामागे कुणाचा तरी हात असतो, हेतू असतो. उडण्यामागे कुणीच नसतं. 'गोंधळ घालणे' हा प्रयोग मला म्हणूनच मूळच्या घराचा वाटतो. पोरांनी तो तिथून नेला.

मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशातही क्रम हाच आहे. देवीच्या प्रीत्यर्थ केलेला उत्सव हा अर्थ आधी, अव्यवस्था हा लाक्षणिक अर्थ नंतर.

पण शब्द त्याहून बराच जुना आहे. त्याच्या मागे जायचं तर लातूरच्या निलंग्यावरून सीमा ओलांडून बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला जावं लागतं. हेच चालुक्यांचं कल्याण. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात ही नोंद करणारा ग्रंथ तो हाच. नृत्याच्या प्रकरणांत त्याने 'गोंडली' नावाचा प्रकार सांगितला आहे. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त त्याचा 'गौंडली' म्हणून विचार केला. वारंगळच्या काकतीयांचा सेनापती जायप याने 'नृत्तरत्नावली'त तर या नावाची जन्मकथाच दिली. कल्याणात भूतमातेच्या महोत्सवात भिल्लिणीचा वेष घेतलेली एक बाई गात-नाचत होती. सोमेश्वराने ते पाहिलं, त्याला ते भावलं आणि त्याने त्याचा विधी बांधून दिला. महाराष्ट्रात भिल्लिणीला गोंडिणी म्हणतात, म्हणून त्याचं नाव गोंडली पडलं. कल्याण, देवगिरी, वारंगळ हे तीन बिंदू नकाशावर जोडून पाहा. त्या त्रिकोणाच्या आसपास नांदेड-लातूरचा सगळा मुलूख येतो.

आपल्या गोंधळाचं मूळ या गोंडलीत आहे असं अनेक अभ्यासकांनी मांडलं आहे. मातृदेवतेचा उत्सव, लोकांतून आलेलं गाणं-नाचणं, त्याला मिळालेली शास्त्राची बैठक, हे सगळं जुळतं. मला अडतं ते एका अक्षराशी. गोंडलीतल्या 'ड'चा गोंधळात 'ध' कसा झाला? मराठीत 'ड' असा सहज 'ध' होत नाही. कानडीकडे पाहिलं तर वाट थोडी सोपी होते. कानडीत 'गोंदल' शब्द आहे आणि तिकडचे देवीचे गायक 'गोंदलिग' म्हणवतात. 'द'ला महाप्राणाचा एक झटका दिला, शेवटी 'ळ' आणला की मराठी गोंधळ समोर उभा. पण कानडीतही गोंदल म्हणजे गडबड, संभ्रम असाही अर्थ आहेच. सीमेच्या दोन्ही बाजूंना हे दोन अर्थ हातात हात घालून चालत आले आहेत. आधी कल्ला आणि मग त्यावरून उत्सवाचं नाव, की आधी उत्सव आणि मग त्यावरून कल्ला, हे या एकट्या शब्दाला विचारलं तर तो उत्तर देत नाही.

म्हणून मी त्याच्या सोबत्यांना विचारलं. गोंधळाच्या रात्रीतले बाकीचे शब्द दिवसा मराठीत काय काम करतात ते पाहिलं.

तुणतुणं. पोकळ लाकडी नळकांडं, तळाशी कातडं, बाजूला काठी, तिच्यावर खुंटी आणि एक तार. नाव त्याच्या आवाजाचंच. गोंधळी याची कथा सांगतात ती माहूरच्या कुळातली आहे: परशुरामाने बेटासुर मारला, त्याचं शिर आणि त्याच्याच शिरेची तार यांचं वाद्य केलं आणि ते छेडत तो आई रेणुकेच्या सेवेला आला. त्यातून निघालेला नाद म्हणजे तुणतुण्याचा पहिला नाद आणि ती सेवा म्हणजे पहिला गोंधळ. माहूरच्या देवीचे उपासक ते रेणुराई गोंधळी, तुळजाभवानीचे ते कदमराई. इतकं मानाचं वाद्य, आणि मराठीत 'आपलंच तुणतुणं वाजवणे' म्हणजे तेच ते कंटाळवाणं बोलणं.

री. नायकाच्या ओळीचं शेवटचं टोक साथीदार उचलतात आणि सूर लांबवतात. त्यालाच झील धरणं म्हणतात आणि धरणाऱ्याला झिलकरी. नायकाला पुढची ओळ रचायला जो वेळ लागतो तो याच लांबलेल्या सुरात मिळतो. झिलकऱ्याचा दम तुटला तर आख्यान तुटतं. मराठीत 'दुसऱ्याची री ओढणे' म्हणजे स्वतःचं डोकं न चालवता होला हो करणे.

दिवटी. दीपवर्ती, दिव्याची वात, यातून आलेला देखणा शब्द. देवीच्या साक्षीचा उजेड. तिचा थोरला भाऊ दिवटा, आणि 'दिवटे चिरंजीव' म्हणजे घराचं नाव घालवणारा मुलगा. याच दिवट्या-मशालींच्या उजेडातल्या खेळांतून 'नमनाला घडाभर तेल' आलं. गणेशाला, गावदेवाला, दिशांच्या सगळ्या देवांना बोलावण्यात पहिला प्रहर जायचा, तोवर दिवटीला घडाभर तेल लागायचं. ते आवाहन हाच गोंधळाचा पाया. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, पंढरपूर, जेजुरी असं एकेका ठाण्याचं नाव घेत देवांना अंगणात आणलं जातं, आणि ज्या बाईने जिल्ह्याची हद्द कधी ओलांडली नाही तिलाही महाराष्ट्राचा नकाशा पाठ होतो. म्हणीत मात्र ते नुसतं फुकट गेलेलं तेल.

आख्यान 'लावणे' म्हणजे लांबण. एखाद्याचा 'उदो उदो करणे' म्हणजे खोटी स्तुती, आणि तो उद्घोष तर गोंधळात चौकापुढे सगळं अंगण एका दमात करतं.

एकट्या 'गोंधळ' शब्दावरून निकाल देता आला नसता. पण गोंधळ, तुणतुणं, री, दिवटा, नमनाचं तेल, आख्यान, उदो उदो हे सगळेच एका दिशेने घसरलेले दिसतात तेव्हा तो योगायोग राहत नाही. हे अर्थ अंगणात बसलेल्यांनी दिलेले नाहीत. चौकापासून चार हातांवर बसलेल्या माणसाला संबळाच्या जोडीतला खर्जाचा आवाज आणि उंच आवाज वेगळे ऐकू येतात, नायकाचा श्वास ऐकू येतो, झील कुठे धरली ते कळतं. गल्लीच्या टोकाला झोपायचा प्रयत्न करणाऱ्याला फक्त कल्ला ऐकू येतो. लिहिता-वाचता वर्ग बहुतेक गल्लीच्या टोकाला होता. गोंधळी फिरते होते, भिक्षेवर जगणारे होते, त्यांची कला वहीत नव्हती. त्यांचे शब्द लेखणीवाल्यांनी उचलले खरे, पण दुरून ऐकू आलेल्या अर्थाने उचलले. अपवाद आहेत आणि ते मोठे आहेत. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत गोंधळ आणि जोगवा मानाने आणला. उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा, 1659 च्या अफजलखान वधावरचा, अज्ञानदासाचा आहे आणि परंपरा त्याला गोंधळी मानते. परभणीच्या राजाराम कदमांना लोकांनी गोंधळमहर्षी म्हटलं. पण म्हणींवर त्यांचा इलाज चालला नाही.

कुणी म्हणेल, शब्दांचे अर्थ बदलतातच, त्यात एवढं काय. बदलतात, मान्य. पण 'गोंधळ' हा शब्द ज्या गोष्टीचं नाव आहे ती गोष्ट अव्यवस्थेच्या नेमकी उलट आहे, ही माझी तक्रार आहे. आधी गण, मग आवाहन, मग देवीची स्तुती, मग नायकाचा आणि साथीदाराचा सवाल-जवाब, मग आख्यान, शेवटी पोत आणि आरती. क्रम पक्का. त्या क्रमाच्या आत मात्र प्रत्येक रात्र वेगळी. आख्यान किती वाढवायचं, कुठे घरच्या मंडळींची नावं गुंफायची, कुठे हसवायचं, कुठे संबळ दुप्पट लयीत न्यायचा, हे समोरचं अंगण बघून तिथल्या तिथे ठरतं. पहाटेपर्यंत. जॅम आणि प्रोग्रेसिव्हची जी भेट भाच्याच्या बँडमध्ये दिसली ती हीच. अमेरिकेत त्यासाठी दोन शब्द लागले. आपल्याकडे एक होता, आणि आपण तो वाहतुकीच्या बातमीला देऊन टाकला.

आता हाताच्या बोलीकडे येतो. तिचं नाव करपल्लवी. डोळ्यांनी केली तर नेत्रपल्लवी, आणि संबळाच्या ठोक्यांनीच अक्षरं पोचवली तर संबळपल्लवी. करपल्लवीची जी जुनी रीत सांगितली जाते तिची युक्ती फार सुंदर आहे. वर्णमालेच्या प्रत्येक वर्गाला एक चित्र. स्वरांना अहिफण, म्हणजे नागाचा फणा, कारण अहि 'अ'ने सुरू होतो. क-वर्गाला कमळ, च-वर्गाला चक्र, ट-वर्गाला धनुष्याचा टणत्कार, त-वर्गाला तरू. प-वर्गाला कुणी पवन म्हणतात, कुणी पल्लव. य-वर्गाला यौवन, श-वर्गाला शृंगार. मुद्रेने वर्ग कळला की बोटांनी त्यातलं कितवं अक्षर ते मोजायचं आणि चुटक्यांनी काना-मात्रा. 'माहूर' सांगायचं तर प-वर्गाची खूण, पाच बोटं, आकाराची चुटकी. श-वर्गाची खूण, चार बोटं, दीर्घ ऊकाराच्या चुटक्या. य-वर्गाची खूण, दोन बोटं. घराण्यागणिक खुणा थोड्याफार बदलणार, पण पाया हाच: प्राचीन ध्वनिशास्त्रज्ञांनी लावलेली वर्णमालेची ती घडी. शाळेची पायरी न चढलेला संबळवाला ती घडी बोटांवर खेळवतो. त्या रात्री तो शब्द पोचायला मला वाटतं दहा सेकंदही लागले नाहीत.

माहूरला गुप्त अक्षरं नवी नाहीत. दत्तात्रेयप्रभूंचं स्थान म्हणून महानुभावांना माहूर परमपवित्र. त्यांच्या साती ग्रंथांपैकी 'सह्याद्रिवर्णन' या स्थानाचंच माहात्म्य गातो. तो रचणाऱ्या रवळोबासांनीच महानुभावांची सकळ नावाची सांकेतिक लिपी बांधली असं परंपरा सांगते. त्या लिपीतल्या पोथ्या शतकानुशतकं पंथाबाहेर कुणाला वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिचा उलगडा केला तेव्हा मराठीचं एक अख्खं दालन उघडलं. एकाच डोंगराच्या छायेत एकांनी अक्षरं लपवायला कागद वापरला, दुसऱ्यांनी पंजा.

करपल्लवीतला 'पल्लव' म्हणजे कोवळं पान. हाताची बोटं म्हणजे हाताची पालवी, ही प्रतिमा संस्कृत कवींची आवडती. मराठीत पल्लवाचा 'पालव' झाला आणि त्याला कापडाचा अर्थ चिकटला: लुगड्याचं टोक, पदर. हिंदीतला पल्लू त्याचाच भाऊ. पालवावरून 'पालवणे'. पालवणे म्हणजे पान फुटणे, आणि पालवणे म्हणजे हाताने किंवा कापड हलवून लांबच्या माणसाला खूण करणेही. शेताच्या बांधावरून पदर हलवून भाकरीला बोलावणारी बाई पालवत असते. दाक्षिणात्य संगीतात 'पल्लवी' म्हणजे तो मुखडा, ज्यावर गायक विस्तार करतो आणि पुन्हा पुन्हा परत येतो. पान, पदर, खूण आणि मुखडा, एवढं सगळं एका शब्दात राहतं.

राहिला 'बँड'. मराठीत त्याचीही दैना आहेच, 'बँड वाजला' म्हणजे वाट लागली. इंग्रजीत टोळी, जथा या अर्थाचा हा शब्द फ्रेंचमधून आला. त्यामागे जुनं जर्मानिक मूळ आहे, बांधण्याच्या धातूशी नातं असलेलं. आपला 'बंध' त्याचा लांबचा भाऊबंद. कोशकारांचं एक मत असं की सैनिकांच्या तुकडीला हे नाव त्यांनी ओळखीसाठी बांधलेल्या कापडाच्या पट्टीवरून मिळालं. गॉथिक या जुन्या भाषेत याच मुळाच्या आसपासचा 'बांडवा' शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'खूण'. हे वाचलं त्या संध्याकाळी मी भाच्याला फोन केला. म्हटलं, तुझा बँड म्हणजे एका खुणेने बांधलेली माणसं, आणि आपली पल्लवी म्हणजे पदराने केलेली खूण. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एक कापडाचा तुकडा निघाला रे. तो म्हणाला, "मामा, मग अंगणातल्या त्या पाच जणांना बँडच म्हणायला पाहिजे." मी म्हटलं, नको. त्यांना गोंधळीच म्हण, पण नीट म्हण.

अलीकडे दोन्ही शब्द एकाच ठिकाणी भेटतात, तहसील कचेरीसमोर. एका पक्षाचं 'चक्का जाम' असतं, दुसऱ्याचं 'जागरण गोंधळ आंदोलन'. पहिल्यात चाकं अडवतात. दुसऱ्यात खरोखर गोंधळी बोलावतात, संबळ लावतात, पीकविम्याचं किंवा पाण्याचं आख्यान लावतात. देवीला ज्या रीतीने जागं करायचं त्याच रीतीने सरकारला. हा अर्थ मला मनापासून आवडतो, कारण त्यात गोंधळ पुन्हा घातला जातो, उडत नाही. जागं करणं हे त्याचं जुनंच काम आहे.

माहूरच्या त्या अंगणातल्या नायकाचं वय सत्तरीच्या पुढे होतं. करपल्लवी त्याला वडिलांनी शिकवली. त्याच्या दोन मुलांपैकी एकाला येते, ती अर्धी. लग्नघरांत आता गोंधळ दोन तासांत उरकायला सांगतात, कारण सभागृह रिकामं करायचं असतं, आणि मग पहिली कात्री पल्लवीलाच लागते.

तुमच्या घरी गोंधळ घालायचा असेल तर रात्रभराचा घाला. चौकाजवळ बसा. नायकाला आधीच सांगा की पल्लवी करून दाखवा, करपल्लवी आणि येत असेल तर संबळपल्लवीही. सकाळी बिदागी देताना वही घेऊन बसा, आणि कोणत्या वर्गाला कोणती खूण, तिला तो काय म्हणतो, हे त्याच्याच शब्दांत, त्याच्या परवानगीने उतरवून घ्या.